अलमट्टीच्या पलीकडचं ऐकलं म्हणून

नमस्कार दादा,

कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाच्या फुगवट्यानं आपल्याकडचा पूर वाढतो, ही आपली तक्रार. पंचगंगेच्या पुरावरच्या लेखात मी त्या धरणाकाठच्या लोकांचंही म्हणणं मांडलं, त्यावर तुम्ही लिहिलंत, "घरात छातीभर पाणी शिरलं असतं तर कर्नाटकची वकिली सुचली नसती." तुमचा राग रास्त आहे. २०१९ आणि २०२१ ला शिरोळ तालुक्यानं जे सोसलं, त्यानंतर हा राग यायलाच हवा.

पण वकिली मी केलेली नाही. अलमट्टीची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटरवर न्यायला माझा विरोध आहे आणि तो लेखातही आहे. तिकडच्या माणसाला हे धरण कसं दिसतं, हेही मला जाणून घ्यायचं होतं. बागलकोटचे एक निवृत्त शिक्षक नरसोबाच्या वाडीला दर्शनाला आले होते, घाटावर गाठ पडली. मला वाटलं, पाण्याच्या हक्कावर बोलतील. ते बोलले आपल्या बुडालेल्या गल्लीवर. अलमट्टीच्या फुगवट्यात जुन्या बागलकोटचा मोठा भाग गेला, लोकांना नवनगरात बिऱ्हाडं हलवावी लागली. कुणाच्या दारात कोणतं झाड होतं, इथपर्यंत सांगत होते. पातळी वाढली की आणखी गावं जाणार, ही धास्ती तिथंही आहे. आपल्या एकाही मोर्चात या माणसांचं नाव निघत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

पुराची कारणं शोधायला राज्यानं नेमलेल्या वडनेरे समितीचंही तेच. २०१९ च्या पुराचं खापर तिनं अलमट्टीवर फोडलं नाही, म्हणून आपण अख्खा अहवाल बाजूला सारला. त्यातच नदीकाठच्या अतिक्रमणांवरही बोट ठेवलंय, ते कुणी वाचायचं? कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा, ४३ ला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ आहे. तरी पूररेषेत भराव पडतातच. राधानगरी धरण भरलं की स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात, आणि ते पाणी आधी आपल्याच भरावांना अडतं.

तुम्ही कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्याच हिप्परगी बंधाऱ्याचा मुद्दा काढलात, तो माझ्या लेखात नव्हता. त्यावर सविस्तर लिहा. तुमच्या गावात फूग कुठून चढली, कृष्णेकडून की ओढ्यातून उलटी? पाऊस थांबल्यावर पाणी किती दिवस हललं नाही? तुम्ही सांगाल ते तुमच्याच शब्दांत पुढच्या लेखात घेईन, माझ्या मताविरुद्ध गेलं तरी.