मध्येच लॅटिन-१ कशासाठी? एका आक्षेपाला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एस्केप केलेली (म्हणजे प्रत्येक बाइट ‘\xe0’ अशा खुणेने लिहिलेली) बाइटमालिका वाचनीय करण्यासाठी माझ्या लेखात मी तीन पायऱ्या सांगितल्या होत्या: ‘युनिकोड-एस्केप’ने एस्केप उलगडणे, लॅटिन-१मध्ये एन्कोड करणे (अक्षरांचे बाइट करणे) आणि यूटीएफ-८ने डीकोड करणे (बाइटांची अक्षरे करणे). या पायऱ्या निरर्थक आहेत, यूटीएफ-८ने (युनिकोड अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीने) एकदा डीकोड केले की काम भागते आणि मराठी मजकुराच्या वाटेत लॅटिन-१ (पश्चिम युरोपीय लिप्यांसाठीची एक-बाइटी पद्धत) आणणे ही तर उघड चूक आहे, असा आपला आक्षेप आहे.

थेट यूटीएफ-८ने डीकोड करणारी आपण दिलेली कोडची ओळ चालते, यात वाद नाही. परंतु ती ज्या प्रकारच्या डेटावर चालते, तो माझ्या लेखाचा विषय नव्हता. ‘मराठी’ या शब्दात युनिकोडचे ५ संकेतांक (अक्षर किंवा मात्रेला दिलेले क्रमांक) आहेत आणि यूटीएफ-८मध्ये त्या प्रत्येकाला ३ बाइट लागतात. व्हेरिएबलची लांबी १५ आली आणि त्याचा प्रकार बाइट्स (अक्षरे नव्हे, कच्चे बाइट) असला, तर बॅकस्लॅश केवळ छापताना दिसतात, आणि तेथे आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. मात्र लॉग फाइलमधून उचललेल्या त्याच शब्दाची लांबी ६० भरते, कारण तेथे बॅकस्लॅश, एक्स आणि दोन हेक्स (सोळा-आधारी) अंक अशी चार-चार चिन्हे खरोखरच लिहिलेली असतात. ही सर्व चिन्हे साधी आस्की (मूळ इंग्रजी अक्षरे व चिन्हांच्या संचातील) असल्याने यूटीएफ-८ ती तक्रार न करता जशीच्या तशी परत करते.

लॅटिन-१ची गरज येथे पडते. ‘युनिकोड-एस्केप’ हा कोडेक (रूपांतर करणारा पायथनचा भाग) प्रत्येक एस्केपचे स्वतंत्र अक्षर करतो, त्यामुळे २२४, १६४, १७४ या बाइटांचा ‘म’ न होता त्याच क्रमांकांची तीन परकी अक्षरे हाती येतात. लॅटिन-१मध्ये ० ते २५५ हे बाइट युनिकोडच्या त्याच क्रमांकांशी जुळत असल्याने त्यात एन्कोड करताच मूळ बाइट परत मिळतात, आणि मग यूटीएफ-८ आपले काम करते. (इव्हॅल, म्हणजे मजकूर कोड म्हणून चालवणारे फंक्शन, वापरण्याची आपली सूचना मात्र मी स्वीकारणार नाही, बाहेरून आलेला मजकूर कोड म्हणून चालवणे धोक्याचे आहे.)

एक उणीव मान्य करतो, जी आपण ओझरती दाखवली आहे. एकाच ओळीत खरी देवनागरी अक्षरे आणि एस्केप मिसळलेले असतील, तर माझी पद्धत एन्कोड करतानाच त्रुटी देऊ शकते. अशा वेळी रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकुरातील ठरावीक नमुना शोधणाऱ्या सूत्राने) केवळ एस्केपचे तुकडे शोधून त्यांचेच रूपांतर करावे. मात्र सलग एस्केपचा अख्खा गट एकत्र घ्यावा, कारण तीनपैकी एकट्या बाइटचे अक्षर होत नाही. मूळ लेखात ही दुरुस्ती करत आहे.