फ्री डिशचा बॉक्स आणि "शहरात बसून" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

फ्री डिशचा, म्हणजे दूरदर्शनच्या छत्रीवरून फुकट टीव्ही दाखवणाऱ्या सेवेचा, जुना बॉक्स कायमचा गेला तर नवा घेताना एमपीईजी-४चाच (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत समजणारा) घ्या, असं मी गेल्या लेखात लिहिलं. त्यावर 'एक गावकरी' या नावाने तुम्ही लिहिलंत: "शहरात बसून गावाला महागडा बॉक्स घ्यायला सांगणं सोपं असतं. आमचा साधा बॉक्स झकास चालतो. वॉरंटीबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे ही दुकानदारांचीच जाहिरात दिसते." प्रतिक्रिया मी काढलेली नाही. सगळ्यांसमोर बोललात, तर उत्तरही सगळ्यांसमोरच देतो.

सल्ला पटला नाही तर जरूर सांगा, त्यासाठीच खाली जागा ठेवली आहे. पण "शहरात बसून" हा काही मुद्दा होत नाही. समोरच्याने काय लिहिलंय ते न वाचताच त्याचं तोंड बंद करायचा तो प्रकार आहे, आणि तो मला लागला.

मी पुण्यात राहतो, हे कधी लपवलेलं नाही. पण घर श्रीवर्धन तालुक्यातलं. वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनने डीडी डायरेक्ट प्लस सुरू केलं, तीच आजची फ्री डिश. तेव्हा त्यावर ३३ वाहिन्या होत्या. डोंगराआड असल्यामुळे आमच्याकडे काठीवरचा अँटेना कितीही फिरवला तरी पडद्यावर मुंग्याच. महिन्याला एक पैसा न भरता स्वच्छ चित्र, यावर लोकांचा विश्वास बसत नव्हता. कौलांवर चढून छत्र्या बसवायच्या कामात मी वडिलांच्या हाताखाली होतो. २००७ साली ही सेवा एनएसएस-६ या उपग्रहावरून इन्सॅट-४बी या उपग्रहावर गेली, म्हणजे ९५ अंश पूर्वेवरून ९३.५ अंशांवर. दीड अंशाचा फरक, पण वाडीतली एकेक छत्री पुन्हा फिरवावी लागली. वर आम्ही, आणि खाली दारात उभं राहून कोणीतरी ओरडतंय, "आलं, आलं... गेलं!" आमच्याकडून छत्रीचं तोंड आग्नेयेला आणि बरंच वर लागतं, त्या रेषेत माडाची झावळी आली की चित्र तुटतं, हे मला पुस्तक वाचून कळलेलं नाही.

आणखी एक सांगतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. माड-पोफळी आडव्या झाल्या, विजेचे खांब मोडले, कित्येक दिवस वीज नव्हती. आमचा बॉक्स बाहेरच्या १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारा होता. वडिलांनी छत्री पुन्हा सरळ केली, बॉक्स आणि एक छोटा १२ व्होल्टचा टीव्ही बॅटरीला जोडला, आणि शेजारपाजारची माणसं सह्याद्रीवरच्या बातम्या बघायला ओटीवर येऊन बसली. "थेट २३० व्होल्टच्या घरच्या विजेवर चालणारा बॉक्स घेऊ नका, बाहेर अ‍ॅडॉप्टर असलेला घ्या" हे माझ्या लेखातलं वाक्य तिथून आलं आहे. शहरात बसून ते सुचलं नसतं. तुम्ही ते वाचलं असतं तर बहुधा असं लिहिलं नसतं.

एक गोष्ट तुमची मान्य. ज्यांच्याकडे अजून पिक्चर ट्यूबचा जाडा टीव्ही आहे, त्यांना असा नवा एचडी बॉक्स घेतला म्हणून चित्रात फरक दिसणार नाही. त्यांनी बॉक्सच्या मागे एव्हीची लाल-पांढरी-पिवळी पिन लागते ना, एवढं आधी बघावं, कारण काही नव्या बॉक्सना फक्त एचडीएमआय असतं.

पण "साधा बॉक्स झकास चालतो" याने काय सिद्ध होतं? चालतो, कारण एमपीईजी-२ या जुन्या पद्धतीतल्या वाहिन्या अजून चालू आहेत. एमपीईजी-४मधल्या वाहिन्या त्या बॉक्सला दिसतच नाहीत. यादीतही येत नाहीत, त्यामुळे आपल्याला काय मिळत नाही हेच घरच्यांना कळत नाही. २०१७ साली सुरू झालेल्या 'स्वयंप्रभा'च्या शैक्षणिक वाहिन्या घ्या. तुमची छत्री आज ज्या जीसॅट-१५ उपग्रहाकडे बघते, त्यावरूनच त्या फुकट मिळतात. छत्री तीच, केबल तीच, फक्त बॉक्स डीव्हीबी-एस२ (उपग्रहाचा सिग्नल पाठवायची नवी पद्धत) आणि एमपीईजी-४चा हवा. आणि हा बॉक्स जुन्या एमपीईजी-२ वाहिन्याही दाखवतो, उलटं मात्र होत नाही. गावातल्या मुलाला हे मिळावं म्हणून दोन पैसे जास्त घाला म्हटलं, तर मी गावाच्या विरुद्ध कसा?

राहिलं 'जाहिरात'. हा शब्द तुम्ही परत घ्यावा असं मला वाटतं. लेखाची सुरुवातच बॉक्स विकत न घेण्यापासून आहे. आधी दुसरा अ‍ॅडॉप्टर लावून बघा. एलएनबीच्या (छत्रीसमोर बसवलेला, सिग्नल पकडणारा भाग) तोंडाशी केबलच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून तांब्याची तार हिरवी पडली आहे का, ते बघा. शेजाऱ्याचा बॉक्स आणून आपल्या छत्रीला जोडा. त्यालाही "नो सिग्नल" आलं तर तुमच्या बॉक्सला दोष देऊ नका. माझ्या आत्याला एका दुकानदाराने चांगला चालता बॉक्स भंगारात द्यायला लावला आणि नवा गळ्यात मारला. बिघाड एलएनबीत होता. तो राग मनात ठेवूनच मी हे लिहायला घेतलं, आणि मलाच दुकानदारांचा माणूस ठरवता?

वॉरंटी दुकानागणिक बदलते, म्हणून लिहिली नाही. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल नंबर लिहून घ्या. झालं.

चालू बॉक्स टाकून द्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. तुमचा चालतोय तोवर चालवा. बंद पडेल तेव्हा खोक्यावर 'एमपीईजी-४' आणि 'डीव्हीबी-एस२' हे दोन्ही वाचूनच पैसे द्या. घरी आणून लावलात की बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबी फ्रिक्वेन्सी ९७५०-१०६०० ठेवा, फ्रिक्वेन्सी ११०९०, व्हर्टिकल, सिंबॉल रेट २९५०० टाकून सिग्नल येतो का बघा, आणि मग सगळ्या वाहिन्यांचा शोध (स्कॅन) लावा. अडलं तर इथेच विचारा, मी उत्तर देईन. फक्त प्रश्न विचारल्यासारखा विचारा.