येऊरच्या मुंग्यांना घाबरू नका

पावसाळा लागला की ठाण्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज फिरतोच. झोंबी बुरशी मुंगीचा मेंदू खाते, आता ती माणसातही शिरतेय, येऊरच्या जंगलात जाऊ नका, मुंग्या दिसतील तिथे औषध मारा.

बुरशी आहे, हे खरं. ऑफिओकॉर्डिसेप्स तिचं नाव. आल्फ्रेड वॉलेस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने 1859 मध्ये इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावर अशा मुंग्या गोळा केल्या होत्या. लागण झालेली मुंगी घर सोडते, झुडपावर चढते, पानाची शीर जबड्यात घट्ट धरते आणि तिथेच मरते. मग तिच्या मानेतून बुरशीचा देठ फुटतो. पण मेंदू खाल्ला, हे चूक. 2017 मध्ये संशोधकांनी अशा मुंग्यांचे बारीक काप तपासले, तेव्हा बुरशीने स्नायूंभोवती जाळं विणलेलं होतं आणि मेंदूत ती शिरलेलीच नव्हती.

मेंदूलाच हात घालणारी गांधीलमाशी मी आमच्या जिन्याखाली पाहिली आहे. पेरभर लांब, मोरपिशी हिरवी, मांड्या लाल. तिने झुरळाला पहिला डंख छातीत मारला, पुढचे पाय लुळे पडले. दुसरा डोक्यात, नेमका मेंदूवर. मग त्याच्या मिशा अर्ध्यावर कापल्या आणि उरलेलं खुंट धरून, दावणीचं जनावर न्यावं तसं त्याला चालवत नेलं. थोड्या वेळाने झुरळाचे पाय धड होते, पण आपणहून पळायचं त्याला सुचतच नव्हतं. अशा झुरळाच्या पायावर ती अंडं घालते आणि बिळाचं तोंड खड्यांनी बुजवते. अळी त्याला जिवंतपणीच खाते.

आता माणसाचं. ही बुरशी इतकी चोखंदळ की एका जातीच्या मुंगीवरची सहसा दुसऱ्या जातीवर नीट चालत नाही. माणसाला तिची लागण झाल्याची एकही नोंद नाही. तिचीच बहीण कीडाजडी, अळीवर वाढणारी बुरशी, उत्तराखंडातून गोळा होते आणि लोक ती लाखो रुपये किलोने घेऊन खातात.

आणि औषध? या मेसेजपायी आमच्या आवारातल्या आंब्यावरची, पानं शिवून केलेली लाल मुंग्यांची घरं फवारून टाकली. झाडावरच्या अळ्या त्याच खात होत्या. मला फार वाईट वाटलं.

कीटकाचं वागणं बदलून माणसापर्यंत पोचणारा परजीवी मलेरियाचा आहे. तो अंगात असलेली डासाची मादी जास्त वेळा चावते, असं काही प्रयोगांत दिसलंय. ती वाढते गच्चीवरच्या उघड्या टाकीत. आमच्या टाकीचं झाकण दोन महिने तुटलेलं आहे. रविवारच्या मीटिंगमध्ये मी तेच मांडणार आहे.