बेटांवर डास सोडत नाहीयेत, पकडतायत

गेले काही आठवडे एक मेसेज फिरतोय, तुमच्याही कुठल्यातरी ग्रुपवर आला असणार. वर तीन सायरन, खाली हे: "सावधान! बिल गेट्सने आफ्रिकेतल्या बेटांवर जनुक बदललेले लाखो डास सोडले. हे डास चावले की माणसाचा डीएनए बदलतो आणि वंध्यत्व येते. बेटे निवडली कारण तिथल्या गरीबांचा आवाज कुणी ऐकत नाही. तिथे आणि अमेरिकेत मलेरिया वाढला. आता हे डास समुद्र ओलांडून भारतात, जालन्यात पोहोचलेत. सरकारी औषध पाण्यात टाकू देऊ नका, औषध लावलेली मच्छरदाणी वापरू नका, कापूर-कडुलिंबाचा धूर करा. दहा ग्रुपला पाठवा."

असले मेसेज मी एरवी न वाचता डिलीट करते. पण माझी मावशी जालना जिल्ह्यातच राहते आणि हे वाचून तिने अ‍ॅबेट टाकायला आलेल्या पोराला दारातूनच परत पाठवलं, वर शेजारच्या दोघींनाही सांगितलं की बाई टाकू देऊ नका, त्यात डासांची अंडी असतात म्हणे. अंडी! अळ्या मारायचं औषध ते, आणि म्हणे त्यात अंडी. मी प्राणिशास्त्र शिकलेय, कीटक हा माझा विषय होता, त्यामुळे फोनवर अर्धा तास बोलले, पण फोनवर बोललेलं ग्रुपवर जात नाही ना. म्हणून लिहून काढतेय, हवं तर फॉरवर्ड करा.

"बेटांवर लाखो डास सोडले"

नाही सोडले. बेटांवर जे चाललंय ते बरोब्बर उलटं आहे, तिथे डास पकडतायत. मेसेजवाल्याने ज्या बातमीची खिचडी केलीय ती बहुतेक युगांडातली आहे. व्हिक्टोरिया सरोवरात सेसे नावाचा ८४ बेटांचा समूह आहे, आणि एंटेबेला युगांडा व्हायरस रिसर्च इन्स्टिट्यूट म्हणून १९३६ पासूनची जुनी संस्था आहे, तिथले लोक बोटीने या बेटांवर जाऊन मलेरियाचा डास, म्हणजे अ‍ॅनोफिलिस गॅम्बिए, गोळा करतात. कसं करतात ते ऐका म्हणजे यात सोडण्यासारखं काही नसतं ते कळेल. सकाळी सकाळी कोळ्यांच्या वस्तीत घरमालकाला विचारून आत जायचं, भांडीकुंडी आणि खाणंपिणं बाहेर काढायचं, जमिनीवर पांढऱ्या चादरी भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरायच्या, दारं-खिडक्या लावून पायरेथ्रम या कीटकनाशकाचा फवारा मारायचा आणि दहाएक मिनिटं बाहेर थांबायचं. मग चादरीचे कोपरे उचलून ती उजेडात आणायची आणि झुरळं, माश्या, कोळी यांच्यातून डास शोधून चिमट्याने एकेक उचलायचा, पाय तुटू न देता. पाय का, तर गॅम्बिएच्या कुळात दिसायला डिट्टो सारख्या अशा बऱ्याच जाती आहेत, भिंगाखाली सुद्धा फरक कळत नाही, एका पायातून डीएनए काढून पीसीआर केल्यावरच कळतं कुठली जात ती. मग प्रत्येक डास आपापल्या इवल्याशा नळीत, ओल लागू नये म्हणून सिलिका जेलवर, नळीवर गावाचं नाव आणि तारीख. हे असं घरोघरी, बेटोबेटी. कंटाळवाणं काम आहे हो. यात सिनेमातल्यासारखं काही नाही.

आणि या गोळा केलेल्या डासांचं पुढे काय झालं त्याचा पेपर छापून आलेला आहे, २०२० साली, इव्होल्यूशनरी अ‍ॅप्लिकेशन्स नावाच्या जर्नलमधे, कुणीही वाचू शकतं. पाच बेटांवरची आणि किनाऱ्यावरच्या जमिनीवरची गावं घेऊन ११६ डासांचा अख्खा जीनोम, म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए, वाचला. लाखो नव्हे, एकशे सोळा, आणि तेही मेलेले. प्रश्न एवढाच होता की बेटावरचे डास आणि किनाऱ्यावरचे डास यांची सोयरीक किती होते. उत्तर भारी आहे. किनाऱ्यापासून तीसेक किलोमीटरवरच्या एका बेटावरचे डास किनाऱ्यावरच्या डासांपासून इतके वेगळे निघाले, की आफ्रिका खंडाच्या दुसऱ्या टोकाचे डास असावेत तितके. म्हणजे मधलं पाणी खरोखर आडवं येतं. आणि हो, पेपरात हेही उघड लिहिलंय की पुढे कधी जीन ड्राइव्हची, म्हणजे जनुकातला बदल पिढ्यानपिढ्या आपोआप पसरवत नेणाऱ्या डासांची, चाचणी करायची झाली तर अशा बेटांचा विचार करता येईल. लपवलेलं काही नाही. "विचार करता येईल" चं "लाखो सोडले" कुणी केलं ते मेसेजवाल्यालाच माहीत.

मग आफ्रिकेत जनुक बदललेले डास कुठेच सोडले नाहीत का? सोडलेत, तेही सांगते, उगाच कुणी म्हणायला नको की लपवलं. २०१९ च्या जुलैमधे बुर्किना फासोत बाना नावाच्या गावात साधारण ६,४०० वांझ नर सोडले होते. बुर्किना फासोला समुद्रच नाही, चहूबाजूंनी जमीन, बेट कुठून आणणार? २०२४ मधे जिबुतीत ऑक्सिटेक कंपनीने सोडले. तेही बेट नाही. आणि जीन ड्राइव्हवाले डास, ते मी हे लिहितेय तोवर जगात कुठेही मोकळ्यावर सोडलेले नाहीत, पिंजऱ्यात आहेत.

"गरीबांचा आवाज कुणी ऐकत नाही म्हणून बेटं"

इथे मात्र मला थोडं गिळावं लागतं. गेट्स फाउंडेशनचा पैसा आहे, खरं आहे, बाना गावात डास सोडणाऱ्या टार्गेट मलेरिया नावाच्या प्रोजेक्टला त्यांचाच मोठा आधार आहे. दुसरं म्हणजे डास पकडायची एक पद्धत अशी आहे की माणूस रात्रभर पाय उघडे टाकून बसतो आणि डास पायावर बसला की चावायच्या आत नळीने ओढून घेतो. मलेरियाची प्रतिबंधक गोळी देतात, पैसे देतात, पण गरीब गावातल्या माणसाला रात्रभर आमिष म्हणून बसवणं यावर आफ्रिकेतल्याच संघटनांनी बोट ठेवलंय, आणि मला विचाराल तर बरोबर ठेवलंय.

पण आवाज ऐकत नाही म्हणे? बुर्किना फासोत ऑगस्ट २०२५ मधे पुढच्या टप्प्याचे नर सोडले आणि त्याच महिन्यात तिथल्या सरकारने प्रोजेक्टच बंद केला, असलेले नमुने नष्ट करा म्हणून सांगितलं. कारणं राजकीय होती की शास्त्रीय यावर वाद घाला, पण बंद केला ना? गंमत म्हणजे मेसेजवाल्याच्या बाजूचा हाच सगळ्यात दणदणीत मुद्दा होता आणि तोच त्याला माहीत नाही.

बेटं निवडायचं कारण साधं आहे, आत-बाहेर किती डास जातात-येतात ते मोजता येतं आणि आपण केलेल्या उपायाचा परिणाम बाहेरून आलेल्या डासांमुळे पुसला जात नाही. हे जनुकबिनुक येण्याच्या आधीपासून चालू आहे. पॅसिफिकमधल्या वानुआतू देशात अनेत्यूम नावाचं बेट आहे, १९९१ मधे तिथल्या सगळ्याच्या सगळ्या, सातशेच्या आसपास, माणसांना नऊ आठवडे मलेरियाच्या गोळ्या दिल्या, मच्छरदाण्या दिल्या, पाण्यात अळ्या खाणारे मासे सोडले, आणि बेटावरचा मलेरिया घालवला. डास तिथे नंतरही होतेच. तेव्हा कुणी मेसेज फिरवला नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं.

"डास चावला की डीएनए बदलतो, वंध्यत्व येतं"

आता हे. याच्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

पहिली गोष्ट, नर डास चावतच नाही. त्याच्या सोंडेत कातडीत घुसण्याची सोयच नसते, तो फुलातला रस पिऊन जगतो. रक्त मादीला लागतं, अंडी तयार करायला. बाना गावात सोडले ते नर होते. म्हणजे जो डास चावूच शकत नाही त्याच्या चावण्याने अख्ख्या खंडाला मूल होईना असं हा मेसेज म्हणतोय.

बरं, समजा चुकून एखादी मादी सुटली आणि चावली. चावताना ती लाळ सोडते, रक्त गोठू नये म्हणून, आपल्याला खाज येते ती त्या लाळेची. त्या लाळेतून डासाचा डीएनए आपल्या पेशीत शिरून आपल्या डीएनएला जाऊन चिकटत नाही. तसं होत असतं तर माणसाला लाखो वर्षं डास चावतायत, आत्तापर्यंत आपल्याला पंख फुटायला हवे होते. आपण वाटीभर वांग्याची भाजी खातो तेव्हा वांग्याचा डीएनए पोटात जातो, कुणाच्या डोक्यावर देठ उगवलेला मी तरी पाहिला नाही.

मग वंध्यत्व आलं कुठून? आलंय खऱ्याच प्रयोगातून. २०१८ मधे लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या लोकांनी डासाच्या डबलसेक्स नावाच्या जनुकावर जीन ड्राइव्ह लावून बघितला. ज्या मादीत त्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडतात तिला अंडी होत नाहीत आणि तिची सोंडही नीट तयार होत नाही, त्यामुळे ती चावूही शकत नाही. पिंजऱ्यातले डास सात ते अकरा पिढ्यांत संपले. म्हणजे वांझ झाली ती डासाची मादी, आणि वर चावेनाशीही झाली. बातमीत मादी असं होतं, फॉरवर्ड होता होता तिची बाई झाली. कुणाला घाई होती, कुणाला मजा वाटली, कुणाला व्ह्यूज हवे होते.

आणि मला राग याचा येतो की ही थाप निरुपद्रवी नाहीये. वंध्यत्व म्हटलं की घरातल्या सुनांची नावं निघतात. पोलिओच्या डोसाबद्दल हेच बोलले, कोरोनाच्या लशीबद्दल हेच बोलले, आता डासाबद्दल. दरवेळी वस्तू नवी, भीती तीच. ज्या आजारात २०२३ या एका वर्षात जगभरात सहा लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यातली ९५ टक्के आफ्रिकेत आणि तिथल्या मृतांमधे दर चारात तिघं पाच वर्षांखालची पोरं, त्या आजारावर काम करणारा माणूस दारात आला की त्याला हाकलायचं, हा या मेसेजचा परिणाम. मुलं होऊ न देण्याचा कट म्हणे! असलेली पोरं मरतायत त्याचं काय?

"अमेरिकेत मलेरिया वाढला"

पटकन संपवते. फ्लोरिडात ऑक्सिटेकने सोडले ते इडिस इजिप्ती, डेंग्यूचे डास. २०२३ मधे फ्लोरिडात सारासोटा भागात मलेरियाचे सात रुग्ण सापडले, मलेरिया पसरवतो अ‍ॅनोफिलिस. इडिस मलेरिया पसरवूच शकत नाही. विषय संपला.

"समुद्र ओलांडून भारतात"

व्हिक्टोरिया सरोवर ते मुंबई अंतर पाच हजार किलोमीटरच्या आसपास आहे, आणि वर सांगितलंय की तीस किलोमीटर पाणी सुद्धा या डासांना जड जातं. उडून येणं विसरा. जहाजातून मात्र डास जातात, हे खरंय आणि नवीन नाही. मॉरिशसला आधी मलेरिया नव्हता, डास जहाजांतून पोचले आणि १८६६-६७ च्या साथीत हजारो माणसं मेली, त्यात उसाच्या मळ्यांवर नेलेले आपल्याकडचे मजूर होते, ज्यांचे वंशज आज तिथे मराठी म्हणवतात. कुणाच्या लॅबमधून आले होते ते डास?

आणि सध्याची वाहतूक तर उलट दिशेने आहे. आपल्या शहरांतल्या टाक्यांमधे वाढणारा मलेरियाचा स्टीफेन्सी डास २०१२ मधे जिबुतीत सापडला. त्या वर्षी तिथे मलेरियाचे २७ रुग्ण होते, २०२० मधे ७३ हजारांवर. म्हणजे आफ्रिकेचा डास आपल्याकडे आला नाही, आपल्या बाजूचा तिकडे गेला. जिबुतीत २०२४ ला जे डास सोडले ते याच्याच विरुद्ध. गॅम्बिए भारतात नाहीच, आपल्याकडे मलेरिया पसरवणारे डास म्हणजे गावात क्युलिसिफेसिस आणि शहरात स्टीफेन्सी.

"जालन्यात पोहोचलेत"

इथे मावशी म्हणाली, "अगं पण जालन्यात खरंच डास आणले होते, पेपरात आलं होतं." आले होते. जानेवारी २०१७ मधे दावलवाडीला ऑक्सिटेकने स्थानिक भागीदाराबरोबर चाचण्या सुरू केल्या, डेंग्यूच्या डासांवर, जाळीच्या बंद पिंजऱ्यात. मोकळ्यावर सोडायची परवानगी मिळालेली नाही. मलेरियाशी संबंध नाही, बेटांशी नाही, गॅम्बिएशी नाही.

भारतीयांचा या बाबतीतला संशय मात्र अगदीच हवेतला नाही, हेही कबूल. सत्तरच्या दशकात दिल्लीजवळ जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआरचं डासांच्या जनुकीय नियंत्रणाचं युनिट होतं, पैसा अमेरिकेचा, वांझ केलेले डास गावांत सोडत होते आणि लोकांना धड माहिती दिली नव्हती. पेपरवाल्यांनी उचलून धरलं, प्रकरण संसदेच्या लोकलेखा समितीपर्यंत गेलं, समितीने ताशेरे ओढले, १९७५ ला युनिट बंद. जैविक युद्धाचे आरोप झाले त्याला काही पुरावा निघाला नाही, पण लपवाछपवी झाली होती. प्रश्न विचाराच, कुणी सोडले, कुठे सोडले, परवानगी कुणी दिली. पण प्रश्न विचारायला आधी कुठला डास ते तरी माहीत पाहिजे.

"औषध टाकू देऊ नका, मच्छरदाणी वापरू नका, धूर करा"

अ‍ॅबेट म्हणजे टेमिफॉस, रांजणातल्या-हौदातल्या अळ्या मारतं, त्यात ना डास असतो ना जनुक. नको असेल तर रांजण आठवड्यातून एकदा रिकामा करून आतून घासून कोरडा करा, डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. हौदात गप्पी मासे सोडा, आरोग्य केंद्रात फुकट देतात. मच्छरदाणीचं औषध पायरेथ्रॉइड आहे, घरात जी लिक्विडची मशीन रात्रभर जळते त्यातही त्याच घराण्यातलं औषध असतं, तिला कुणी घाबरत नाही. धुराने डास थोडा वेळ शेजारच्या खोलीत जातो, आणि घरात दमेकरी असेल तर त्याचा जीव कासावीस होतो. थंडी वाजून ताप आला की आशाताईंकडून रक्ताची तपासणी करून घ्या, व्हायवॅक्स प्रकारचा मलेरिया निघाला तर प्रायमाक्विनच्या गोळ्या चौदा दिवस आहेत, सांगितल्या तशा पूर्ण घ्यायच्या, तिसऱ्या दिवशी ताप उतरला म्हणून सोडल्या तर काही महिन्यांनी तोच मलेरिया यकृतातून परत वर येतो, त्याला नवा डास चावायची पण गरज नसते.