‘बिटलॉकर बंदच ठेवा’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या पंधरवड्यात व्यापाऱ्यांच्या तीन ग्रुपवर मला एकच मेसेज आला : ड्राइव्ह एन्क्रिप्ट करण्याच्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा कुलूपबंद करण्याच्या, नादी लागू नका; विंडोजमधलं हे काम करणारं बिटलॉकर बंदच ठेवा. कारणं चार. विंडोजला पासवर्ड असला की पुरे, मशीन मंदावतं, किल्ली हरवली की डेटा कायमचा गेला, आणि प्रामाणिक माणसाला लपवायचंय काय? सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही टॉवेल कारखान्यांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. हा मेसेज वाचून दोघांनी बिटलॉकर बंद करून मागितलं, म्हणून हे लिहितोय.

पासवर्डचं आधी. मागच्या महिन्यात बंद पडलेला एक लॅपटॉप माझ्याकडे आला. मागचे स्क्रू काढले, एसएसडी (ज्यावर सगळा डेटा साठतो ती डिस्क) काढून केसिंगमध्ये घातली, यूएसबीने माझ्या मशीनला जोडली. ‘या फोल्डरची परवानगी नाही’ असं विंडोजने सांगितलं. ‘कंटिन्यू’ दाबलं, फोल्डर उघडला. मालकांचा पासवर्ड मी विचारलासुद्धा नव्हता. समोर टॅलीचे बॅकअप, जेकार्डची डिझाइनं, आणि एका फोल्डरमध्ये मागावरच्या कामगारांची आधार कार्डं, पासबुकांची पहिली पानं. मी मालकांच्या सांगण्यावरून बसलो होतो. लॅपटॉप चोरणाऱ्यालाही एवढंच करावं लागलं असतं. ड्राइव्ह एन्क्रिप्ट असता, तर किल्लीशिवाय त्यातलं एक अक्षरही लागलं नसतं.

‘लपवायचंय काय’ याचं उत्तरही त्याच फोल्डरमध्ये आहे. ती कार्डं मालकांची नाहीत. पीएफसाठी, पगारासाठी कामगारांनी विश्वासाने दिलेली आहेत. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशा माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड बाजूला ठेवला तरी, ज्या बाईच्या खात्यात महिन्याचा पगार जमा होतो, तिचे कागद उघड्यावर ठेवायचा हक्क आपल्याला कुणी दिला?

वेगाची तक्रार जुन्या मशीनपुरती खरी आहे. इंटेलने 2010 पासून एन्क्रिप्शनच्या एईएस पद्धतीसाठी प्रोसेसरमध्येच वेगळ्या सूचना द्यायला सुरुवात केली. आजच्या एसएसडीवर मोजणी केली तर फरक दिसतो. टॅली आणि एक्सेलवर दिवसभर बसणाऱ्याला जाणवत नाही.

किल्लीची भीती मात्र खरी आहे. मदरबोर्ड बदलला, कधी बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झालं, की निळ्या स्क्रीनवर बिटलॉकर 48 आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर मी काय, कुठलाच दुकानदार डेटा काढून देऊ शकत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याला एक गोष्ट माहीत नसावी : विंडोज 11 चे बरेच नवे लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केले की आपोआप एन्क्रिप्ट होतात. म्हणजे तुम्ही काही चालू केलेलं नसलं तरी किल्ली तयार झालेली असू शकते, आणि ती ज्या ईमेलने मशीन सुरू केलं त्या खात्यात जाते. आपल्याकडे नवा लॅपटॉप बऱ्याचदा दुकानातला मुलगा नाहीतर भाचा सुरू करून देतो, त्याच्याच ईमेलने. तो मुलगा दुकान सोडून पुण्याला गेला की किल्लीही त्याच्याबरोबर गेली.

म्हणून आज सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ शोधा. चालू असेल तर ते 48 आकडे दोन कागदांवर छापून घ्या. एक घरी दागिन्यांच्या पावत्यांजवळ, दुसरा बँकेच्या लॉकरमध्ये. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र कधीच नको. दुरुस्तीला देण्याआधी तो कागद हाताशी आहे ना ते बघा. बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या आणि तीही एन्क्रिप्ट करा. एसएसडी जळाली तर किल्ली असूनही उपयोग नसतो, आणि चालू मशीनमध्ये रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर बिटलॉकर त्याला अडवत नाही. तिथे बॅकअपच कामी येतो.

राहिला पेनड्राइव्ह. कारखान्याचे हिशेब तो शर्टाच्या खिशातून, गाडीवरून सीएंच्या ऑफिसात नेतो, आणि हरवतोही तोच सगळ्यात आधी. मशीनवर विंडोजची ‘प्रो’ आवृत्ती असेल तर पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून बिटलॉकर चालू करता येतं. ‘होम’ आवृत्तीत ती सोय नाही, पण असा लॉक केलेला पेनड्राइव्ह पासवर्ड टाकून होमवरही उघडतो, त्यामुळे सीएंचं काम अडत नाही. पासवर्ड त्यांना फोनवर सांगा.