तुमची उत्तरं रिसेप्शनवर कुणीही वाचत नाही

नमस्कार,

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. माझ्या क्लिनिकबद्दलचा तुमचा रिव्ह्यू वाचला. चारचौघांत अवघडल्यासारखं झालं, त्याबद्दल मनापासून माफी मागते. तीन दिवस लिहिते आणि पुसते आहे, म्हणून उत्तराला उशीर झाला.

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय: "आत जायच्या आधीच मोबाईलवर चाळीस प्रश्न. घरात कुणाला मानसिक आजार होता का, जीव द्यावासा वाटतो का, सगळं लिहून द्या. मग रिसेप्शनवरची मुलगी सगळ्यांसमोर म्हणते, तुमचं शेवटचं पान राहिलंय. म्हणजे ती सगळं वाचतेच की. एवढं आम्हीच लिहायचं तर फी कशाची?"

तुम्ही कोण, आमच्याकडे आला होता का, आला असाल तर कधी, यातलं मी इथे काहीही बोलणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, आणि एक स्टार दिला म्हणून तो हक्क संपत नाही. हॉटेलवाल्याला बिल दाखवून आपली बाजू मांडता येते. मला ती सोय नाही. म्हणून आमच्याकडे काम कसं चालतं एवढंच सांगते.

"ती सगळं वाचते" हे खरं नाही. फी, प्रश्नांची संख्या, सगळं मी ऐकून घेतलं असतं. हे एक वाक्य मात्र घशाखाली उतरत नाही.

रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवर चार रकाने दिसतात: नाव, वेळ, फी, आणि फॉर्म पूर्ण की अपूर्ण. अपूर्ण असेल तर किती पानं झाली तो आकडाही परवापर्यंत दिसायचा. बस्स. उत्तरं माझ्या लॉगिनमधूनच उघडतात आणि तो पासवर्ड घरच्यांनाही माहीत नाही. तुमचा रिव्ह्यू वाचल्यावर मी स्वतः त्या खुर्चीत बसले, तिच्या लॉगिननं आत शिरले आणि प्रत्येक नावावर क्लिक करून पाहिलं. दरवेळी कुलपाचं चित्र आलं, पुढे काही उघडलं नाही. ती मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. बावड्याहून केएमटी बसनं येते, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष आहे. "मॅडम, मी पान राहिलंय असं सगळ्यांनाच सांगते, त्यात चूक आहे हे कळलंच नाही," एवढंच म्हणाली. त्या दिवशी तिचा डबा तसाच परत गेला.

चूक आहेच, आणि ती तिची नाही, माझी आहे. आमची बाहेरची खोली म्हणजे तीन खुर्च्या आणि एक बाकडं. तिथे "शेवटचं पान" हे शब्द मोठ्यानं बोलले गेले की बसलेल्या माणसाला आपलं सगळं उघडं पडल्यासारखं वाटणार. आणि हे कोल्हापूर आहे. इथे "पावणं कुठलं?" विचारल्यावर दुसऱ्या मिनिटाला ओळख निघते. माझ्याकडे येणारे कितीतरी जण गाडी पलीकडच्या गल्लीत लावून, तोंडाला रुमाल बांधून येतात, हे मला गेली अकरा वर्षं दिसतंय. म्हणून तुमची भीती मला खोटी वाटत नाही.

हा फॉर्म ऑनलाइन का झाला, तेही सांगते. आधी कागदच होता. छापील फॉर्म, फाईल, लोखंडी कपाट. २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा माझी जुनी जागा तळमजल्यावर होती. खालचे दोन कप्पे पाण्यात गेले. पाणी उतरल्यावर चिखलातनं फायली काढल्या, पण वाळवायला द्यायच्या कुणाकडे? एकेका कागदावर कुणाचं तरी आयुष्य लिहिलेलं. मी ते घरी नेले, बेडरूमचं दार आतून लावलं, दोऱ्या बांधून चिमट्यांनी टांगले आणि पंखा लावून तिथेच झोपले. निळी शाई पसरली होती, तरी काही ओळी स्पष्ट वाचता येत होत्या. घरात कुणालाही चार दिवस त्या खोलीत येऊ दिलं नाही. जी माणसं एवढं विश्वासानं लिहून देतात, त्यांचे कागद मी असे टांगलेत, ही लाज अजून गेलेली नाही.

त्यानंतर ऑनलाइन केलं. पहिले काही महिने फुकटातला फॉर्म वापरला. त्याची सगळी उत्तरं एकाच तक्त्यात जमा व्हायची आणि तो तक्ता रिसेप्शनच्या कॉम्प्युटरवरही उघडायचा. तेव्हा तुम्ही हे लिहिलं असतं तर मला खाली मान घालावी लागली असती. लक्षात आलं त्याच आठवड्यात ते बंद केलं आणि दरमहा पैसे भरून आताची व्यवस्था घेतली.

प्रश्न चाळीस नाहीत, एकतीस आहेत. पंधरा माहितीचे: नाव, वय, चालू गोळ्या, आधीचे उपचार, घरातला आजार, अडचणीत कुणाला फोन करायचा वगैरे. उरलेले सोळा मी मनानं घातलेले नाहीत. उदासीसाठी पीएचक्यू-९ आणि चिंतेसाठी जीएडी-७ या प्रश्नावल्या जगभर वापरतात. गेल्या दोन आठवड्यांत काय काय आणि किती वेळा जाणवलं, एवढंच त्या विचारतात. त्यांच्या गुणांवरून कुणावर आजाराचा शिक्का मारत नाही, बोलायला कुठून सुरुवात करायची ते कळतं. तुम्हाला खटकलेला, जीव द्यावासा वाटतो का हा प्रश्न पीएचक्यूमधला नववा. तो विचारावाच लागतो. समोर बसून महिनाभर "सगळं ठीक आहे" म्हणणारी माणसं रात्री एकटी असताना तिथे खरं उत्तर देतात. मी फॉर्म सकाळी आठला आणि संध्याकाळी सातला बघते. नवव्या प्रश्नाला "अजिबात नाही" सोडून दुसरं काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न बघता मी स्वतः फोन करते. मधल्या वेळेत फॉर्म कुणी बघत नाही, म्हणून त्या प्रश्नाखालीच सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिलाय. तो फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

फीबद्दल: कागदी फॉर्म असताना तासातली पहिली वीस-पंचवीस मिनिटं हीच माहिती लिहिण्यात जायची, आणि त्याचेही पैसे माणूस भरायचा. आता पूर्ण तास बोलायला मिळतो. फी तीन वर्षांत वाढवलेली नाही.

ज्यांना मोबाईलवर लिहायचं नाही त्यांच्यासाठी कागदी फॉर्म आजही आहे, नाहीतर आत बसून तोंडी सांगितलं तरी चालतं. मेसेजमध्ये ते लिहिलेलं असतं, पण लिंकच्या खाली, अगदी शेवटच्या ओळीत. तिथवर कुणी वाचत नसावं. ती ओळ आता वर घेते. पानांचा आकडा रिसेप्शनला दिसणं कालपासून बंद केलंय, आणि फॉर्मबद्दल बाहेर कुणी बोलणार नाही, जे काही असेल ते मी आत विचारीन. फॉर्म थोडा लहान करता येतो का, तेही बघते.

तुमच्या रिव्ह्यूनंतर दोघांनी फोन करून विचारलं, "मॅडम, आमचं कोण वाचणार?" एकानं अपॉइंटमेंट रद्द केली. माझं पोट यावर आहे हे तर खरंच, पण तो माणूस आता दुसऱ्या कुणाकडे जाईल की कुठेच जाणार नाही, हे मला कळायचा मार्ग नाही. रोज त्याचा विचार येतो.

सकाळी नऊ ते दहा क्लिनिकचा फोन मीच उचलते. नाव न सांगता बोललात तरी चालेल. ती मुलगी जिथे बसते त्या खुर्चीत तुम्हाला बसवून तिची स्क्रीन दाखवायची माझी तयारी आहे, बाकीच्यांची नावं झाकून. स्टार एकच ठेवा, माझी हरकत नाही. फक्त "ती सगळं वाचते" एवढं वाक्य काढता आलं तर बघा.

– क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, शाहूपुरी, कोल्हापूर