वायफाय कॅमेरे घ्या, पण प्लास्टरच्या आधी पाइप टाका

नव्या घरात सुरक्षा कॅमेऱ्यांचं वायरिंग आधीच करून घ्या, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे आणि अर्धी बरोबर आहे. तुमचं म्हणणं असं: राहता मुंबईत, घर बांधताय चिपळूणजवळ, स्लॅब पडलाय, प्लास्टर व्हायचंय. दोन-दोन हजारांचे चार वायफाय कॅमेरे लावले की काम भागतं, मग मी वायरिंगचा खर्च कशाला गळ्यात मारतोय? आणि चोर कडी-कोयंडा तोडूनच येणार, कॅमेरा त्याला थोडाच अडवणार?

शेवटचं आधी घेतो, कारण तिथे चूक माझी. लेख दारापासून सुरू व्हायला हवा होता. बाहेरच्या कोयंड्याला लटकणारं कुलूप म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच, आणि कुलूप कितीही महाग असो, कोयंडा धरून ठेवणारे स्क्रू इंचभराचेच असतात. पहार लावली की स्क्रूंसकट उपटतो. म्हणून मुख्य दाराला आत बसणारं मॉर्टिस कुलूप घ्या, आणि त्याची जीभ ज्या पट्टीत शिरते ती चौकटीतली पट्टी ७५ मिलिमीटरच्या स्क्रूंनी, चौकट पार करून भिंतीत जाईल अशी बसवून घ्या. चौकटीला दोन्ही बाजूंना तीन-तीन होल्डफास्ट (चौकट भिंतीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या) हवेत आणि त्यांच्या मागे काँक्रीट ठासलेलं हवं. गवंडी तिथे विटांचे तुकडे भरून मोकळा होतो, ते प्लास्टरनंतर दिसतही नाही. सेफ्टी डोअर बाहेर उघडणारं असेल तर बिजागऱ्या बाहेर येतात, पिन ठोकून काढली की दार हातात. पिन न निघणाऱ्या बिजागऱ्या मागा. मागच्या दाराला आतून लोखंडी अडसर लावा. त्याच्याइतकं स्वस्त आणि दणकट दुसरं काही नाही. गच्चीच्या दारालाही तोच, कारण सांडपाण्याचे पाइप आणि छज्जे ही तयार शिडीच असते.

ग्रिल खिडकीच्या अॅल्युमिनियम चौकटीला नव्हे, भिंतीत पक्कं करा. प्रत्येक मजल्यावर एक तरी ग्रिल आतून उघडणारं ठेवा, आगीत तीच वाट. किल्ली जवळ असावी, पण बाहेरून हात घालून मिळेल इतकी नाही.

आता वायफायकडे. ‘वायरलेस’ कॅमेऱ्यात फक्त चित्र वायरीविना जातं. वीज लागतेच, म्हणजे छज्ज्याखाली सॉकेट हवं, म्हणजे भिंतीतून वायर नेणारा पाइप आलाच. बॅटरीवाले कॅमेरे हालचाल दिसली तरच जागे होतात आणि अधूनमधून चार्ज करावे लागतात. बंद घरात ते कोण करणार? नऊ इंची भिंत आणि स्लॅब ओलांडताना राउटरचा सिग्नल बराचसा गळतो. शिवाय चित्रण बहुतेक वेळा कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डवर असतं. कॅमेरा उपटला की पुरावाही गेला.

तरी तुम्ही वायफायच घेणार म्हणालात तर माझी हरकत नाही, कारण यंत्रं केव्हाही बदलता येतात. बदलता येत नाही ती भिंत. मी खर्च आत्ता करायला सांगतोय तो पाइपांचा. मुख्य दार, मागचं दार, गाडीची जागा, गच्चीचा जिना असे चार पॉइंट, एक दारावरच्या बेलचा, एक राखीव. प्रत्येकाची केबल थेट एकाच जागी, चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरपाशी यायला हवी, मध्ये जोड नको. सरासरी २० मीटर धरले तर १२० मीटर केबल. ३०५ मीटरचा एक बॉक्स पुरून उरतो. पाइप २५ मिलिमीटरचा घ्या. त्यात तीन केबली आरामात जातात. दोन वळणांपेक्षा जास्त नकोत, आणि एल्बो (काटकोनी जोड) नको, लांब बेंड वापरा. आत ओढायला नायलॉनची दोरी सोडून ठेवा. विजेच्या पाइपात ही केबल कधीही घालू नका. समांतर जायचंच असेल तर निदान फूटभर अंतर ठेवा, ओलांडायची असेल तर काटकोनात.

केबल शुद्ध तांब्याची कॅट-६, म्हणजे नेटवर्कची. कॅमेऱ्याचं चित्र आणि वीज दोन्ही तिच्यातूनच जातात. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबलही त्याच रंगाच्या बॉक्समध्ये मिळते. तार ब्लेडने खरवडा. आत पांढरी दिसली तर परत करा. तिचा दोष लगेच कळत नाही. कॅमेरा दिवसभर नीट चालतो, रात्री अंधारात दिसण्यासाठीचे इन्फ्रारेड दिवे लागले की जास्त वीज ओढतो, व्होल्टेज पडतं आणि तो पुन्हापुन्हा बंद-चालू होतो. लोक कॅमेऱ्याला शिव्या देतात.

कॅमेरे आणि रेकॉर्डर हवे तेव्हा घ्या, पण हिशेब मांडून. ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट या वेगाने दिवसाला साधारण ४३ जीबी लिहितो. चार कॅमेऱ्यांचे १७३. दोन टीबीच्या डिस्कमध्ये अकरा दिवस. गणपतीला येऊन थेट दिवाळीला येणार असाल तर हे पुरणार नाही. फक्त हालचालीवर रेकॉर्डिंग ठेवा किंवा डिस्क मोठी घ्या. रेकॉर्डर हॉलमध्ये टीव्हीखाली नको, चोर जाताना तोही उचलतात. जिन्याखालच्या कुलपाच्या, हवा खेळणाऱ्या कपाटात ठेवा.

तुमच्या बाबतीत सगळ्यात घातक गोष्ट मात्र चोर नाही, निघताना मेन स्विच पाडायची सवय. गावचं घर बंद करताना ती प्रत्येकाला असते, आणि कॅमेरे त्याच क्षणी आंधळे होतात. सुरक्षेच्या यंत्रणेला स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच) आणि स्वतंत्र आरसीसीबी (वीज गळली की पडणारी) द्या, वर ठळक लिहा, आणि निघताना मेन नव्हे, बाकीचेच स्विच पाडा. सामायिक आरसीसीबी विजा कडाडल्या की पडते आणि उचलायला तिथे कोणी नसतं. बोर्डात सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा) आणि नीट अर्थिंग हवंच. चार कॅमेरे, रेकॉर्डर, राउटर मिळून ५० वॅटच्या आसपास लागतात. १५० एएचची चांगली बॅटरी यांच्यापुरतीच ठेवली तर रात्रभर सहज टिकते.

कोकणातल्या पावसाचं एक वेगळंच. बाहेरचा जोड बंद डबीत घ्या, आणि केबल आत शिरण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून जाईल. कॅमेऱ्यासमोरची कोळ्याची जाळी रात्री इन्फ्रारेडमध्ये पांढरा पडदा होते. गावात कोणाला तरी ती झाडायला सांगून ठेवा. दार उघडलं की भोंगा वाजवणारा चुंबकी सेन्सर लावणार असाल, तर लाकडी दार पावसात फुगलं की तो सरकतो आणि भोंगा उगाच वाजतो, म्हणून जास्त फटीला चालणारा घ्या.

प्लास्टरच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढा, पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर ते दिसेल असा. पडद्याचा रॉड ठोकताना त्याच भिंतीत ड्रिल घुसणार आहे. जिन्याखाली जागा किती आहे ते कळवलंत तर कपाटाचं माप सांगतो.